आज्जीची भांडी आणि हूकची स्प्रिंग

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पहिल्याच लेक्चरला हूक आपल्याला भेटतो. सर फळ्यावर एक तिरकी रेघ मारतात, एका बाजूला स्ट्रेस, दुसऱ्या बाजूला स्ट्रेन लिहितात, प्रपोर्शनल लिमिटपर्यंत हूकचा नियम लागू असं सांगतात आणि डस्टर फिरवतात. दोन मिनिटांचं काम. व्हायवाला विचारलं तर दोन मार्क. या हूकला पहिलं नाव होतं, गाव होतं, आजारपण होतं, भांडणं होती, हे मला थर्ड इयरपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळायला एक सबवूफर, एक आज्जी आणि फळीभर पितळेची भांडी लागली. म्हणून मित्रांनो, गोष्ट माझ्या गावापासूनच सांगतो.

माझं गाव वालूर. जिल्हा परभणी, तालुका सेलू. गावात एक जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या इतर बारवांसारख्या सरळ खाली जात नाहीत, गोल गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. वरून वाकून पाहिलं की जमिनीत कुणीतरी दगडाची स्प्रिंग पुरून ठेवलीय असं वाटतं. पूर्वी ती गाळाकचऱ्यानं बुजलेली होती. गावकऱ्यांनीच ती साफ केली आणि आता बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात. ही बारव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमचं घर जुन्या पद्धतीचं. खाली दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर फळ्या ठोकलेली माडी. २०२३ च्या दिवाळीत चुलतभावानं, म्हणजे दादानं, परभणीहून होम थिएटर आणलं आणि माडीवर लावलं. सबवूफरचा खोका एकटाच अठरा किलोचा. नेमका त्याच्या खाली आज्जीचा पलंग, आणि पलंगाशेजारच्या भिंतीवर तिच्या लग्नातली भांडी: डबे, तांबे, एक मोठी परात.

दिवाळीच्या दुसऱ्या रात्री आम्ही पोरं माडीवर सिनेमा बघत होतो. एका स्फोटाच्या सीनला खालून आरडाओरडा ऐकू आला. आज्जी एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना बाहेर बोलावत होती. आम्ही हसत हसत खाली उतरलो आणि अंगणात येऊन गप्प झालो. अंधारात, अनवाणी, दादाच्या चार वर्षांच्या झोपलेल्या पोरीला कडेवर घेऊन आज्जी उभी होती. ओट्याच्या पायरीवरून तिचा पाय घसरला होता, मनगट सुजलं होतं, पण पोरीला तिनं सोडलं नव्हतं.

भांडी वाजली म्हणजे भूकंप, एवढंच तिला माहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरत असताना किल्लारीला जमीन हलली आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून लांब, पण मराठवाड्यात त्या पहाटे भांडी वाजलेली घरं पुष्कळ. आज्जीनं त्यानंतर कित्येक रात्री अंगणात काढल्या होत्या. तिच्या दृष्टीनं आम्ही खोटा भूकंप घरात आणला होता.

दादानं सेट बंद केला आणि परत लावायचाच नाही असं ठरवलं. मी मेकॅनिकलचा. मला वाटलं, हा तर आपलाच विषय. सबवूफर आणि फळ्यांच्या मध्ये काहीतरी मऊ घातलं की झालं काम!

पहिला प्रयोग जुन्या गादीच्या स्पंजाचा. प्लायवूडचा तुकडा कापला, खाली स्पंज चिकटवला, वर खोका ठेवला. स्पंज पार चपटा झाला आणि खोका जणू थेट जमिनीवरच बसला. भांडी तशीच वाजली. दुसरा प्रयोग मशीनखाली घालतात त्या रबरी पॅडचा. दिसायला एकदम प्रोफेशनल. सेट लावला तर भांडी आधीपेक्षा जास्त वाजायला लागली! दादा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता ती मी इथं लिहीत नाही.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आलो आणि वर्कशॉपमधल्या मामांना हे सांगितलं. मामांनी एकच गोष्ट विचारली: वजन ठेवल्यावर पॅड किती दबलं? मी मोजलंच नव्हतं. मामांनी मान हलवली आणि ग्राइंडरकडं वळले. त्या एका प्रश्नासाठी मी लायब्ररीत गेलो, व्हायब्रेशनचं पुस्तक काढलं आणि त्यातून मागं मागं जात रॉबर्ट हूकपर्यंत पोचलो.

रॉबर्ट हूकचा जन्म १८ जुलै १६३५ चा. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथल्या फ्रेशवॉटर गावचा. वडील जॉन हूक तिथल्या चर्चमध्ये पाद्री. पोरगं इतकं अशक्त की जगेल याची कुणाला खात्री नव्हती. शाळेत फारसं पाठवलं नाही, त्यामुळं घरी बसून तो वस्तू खोलायचा आणि जोडायचा. एक पितळी घड्याळ खोललेलं बघून त्यानं लाकडाचं तसंच घड्याळ केलं, आणि ते चाललं म्हणतात. १६४८ मध्ये वडील गेले. तेरा वर्षांचं पोर थोडा वारसा घेऊन लंडनला आलं.

आधी पीटर लेली या नावाजलेल्या चित्रकाराकडं तो शिकायला राहिला, पण रंगांच्या वासानं डोकं दुखायचं. मग वेस्टमिन्स्टर शाळेत रिचर्ड बस्बी या मुख्याध्यापकांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं. तिथं तो लॅटिन, ग्रीक, भूमिती शिकला, ऑर्गन वाजवायला शिकला. याच वयात त्याची पाठ वाकायला लागली आणि शेवटपर्यंत वाकतच गेली. पुढं ऑक्सफर्डला गेला तो चर्चच्या गायकवृंदातल्या जागेवर आणि दुसऱ्याची कामं करून. आपल्याकडच्या कमवा आणि शिका योजनेतला विद्यार्थी समजा.

ऑक्सफर्डलाच त्याला रॉबर्ट बॉइलकडं नोकरी मिळाली. बॉइल मोठ्या जहागीरदाराचा मुलगा, हूक त्याचा पगारी असिस्टंट. बॉइलला निर्वात करणारा पंप हवा होता, तो हूकनं करून दिला. त्या पंपावरचे प्रयोग १६६० मध्ये बॉइलच्या पुस्तकात आले आणि १६६२ मध्ये हवेचा दाब आणि आकारमान यांचा नियमही आला. बॉइल सज्जन माणूस होता, त्यानं हूकचं नाव घेतलं. तरी आपण अकरावीत जो शिकलो तो बॉइलचा नियम. पंप कुणी केला हे पेपरात येत नाही.

त्याच १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं हूकला प्रयोगांचा क्युरेटर नेमलं. काम काय, तर दर आठवड्याच्या सभेत तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे. आपल्याला सेमिस्टरला दहा प्रॅक्टिकल लिहिताना नाकी नऊ येतात. हा माणूस दर आठवड्याला तीन-चार करायचा, आणि सुरुवातीला त्याला धड पगारही नव्हता. १६६५ मध्ये तो ग्रेशम कॉलेजात भूमितीचा प्राध्यापक झाला. तिथंच खोली मिळाली आणि मरेपर्यंत तो त्याच कॉलेजच्या आवारात राहिला. म्हणजे एका अर्थी आयुष्यभराचा हॉस्टेलवाला!

त्याच वर्षी त्याचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकातून दिसलेली पिसू, माशीचा डोळा, बुचाच्या लाकडाचा काप. त्या कापातल्या कप्प्यांना त्यानं सेल म्हटलं आणि तो शब्द जीवशास्त्रात कायमचा राहिला.

आता माझ्या कामाची गोष्ट. जहाज समुद्रात नेमकं कुठं आहे हे कळायला त्या काळी न चुकणारं घड्याळ हवं होतं. लंबकाचं घड्याळ डोलणाऱ्या जहाजावर चालत नाही. हूकला १६६० च्या आसपास सुचलं की लंबकाऐवजी स्प्रिंग वापरावी. त्यासाठी स्प्रिंग नेमकी कशी वागते ते मोजलं पाहिजे. त्यानं तारेची वेटोळी केलेली स्प्रिंग घेतली, घड्याळातली चपटी गुंडाळीची घेतली, वीस ते चाळीस फुटांची लांबलचक तार छताला टांगली. खाली पारडं बांधून वजनं वाढवत गेला आणि प्रत्येक वेळी किती ताणलं ते मोजलं. दुप्पट वजन, दुप्पट ताण. तिप्पट वजन, तिप्पट ताण. लाकडाची पट्टी वाकवली तरी तेच.

एवढं सापडल्यावर त्यानं ते लगेच सांगितलं का? नाही. कुणीतरी चोरेल ही भीती. १६७६ मध्ये त्यानं हा नियम एका पुस्तकात कोड्याच्या रूपात छापला. लॅटिन वाक्यातली अक्षरं वर्णक्रमानं लावून नुसती चौदा अक्षरं. वाचून कुणाला काही कळू नये, पण उद्या दुसऱ्या कुणी दावा केला तर हूकनं आधीच लिहून ठेवलंय हे दाखवता यावं. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यानं कोड्याचं उत्तर आणि सगळे प्रयोग प्रसिद्ध केले. ताण वाढेल तसं बल वाढतं, एवढंच ते उत्तर. फळ्यावरची आपली तिरकी रेघ ती हीच.

ही रेघ माझ्या सबवूफरखाली कशी आली ते सांगतो. कुठलीही वस्तू स्प्रिंगवर ठेवली की ती स्वतःच्या एका ठरलेल्या गतीनं वरखाली होते. ती नॅचरल फ्रिक्वेन्सी काढायला मोठं गणित लागत नाही. वजनानं स्प्रिंग किती मिलिमीटर दबली ते मोजायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्यानं भागायचं. उत्तर हर्ट्झमध्ये. एक मिलिमीटर दबली तर सुमारे १६ हर्ट्झ, चार मिलिमीटरला ८, दहाला ५. खोक्याची कंपनं या आकड्याच्या १.४ पटीपेक्षा वरची असतील तरच स्प्रिंग ती अडवते. त्याच्या खाली काहीच अडत नाही, आणि दोन्ही आकडे जुळले तर उलट वाढतात.

माझं रबरी पॅड मोजलं तर अठरा किलोखाली जेमतेम अर्धा मिलिमीटर दबत होतं. म्हणजे २२ हर्ट्झ. शिवाय हलत्या भाराला रबर थोडं जास्तच कडक वागतं, म्हणजे प्रत्यक्षात आणखी वर. सिनेमातला स्फोट नेमका याच पट्ट्यात येतो. मी भांड्यांसाठी आयसोलेटर नव्हे, अॅम्प्लिफायर केला होता! आणि स्पंज? त्याची रेघ सरळच नसते. थोडा वेळ दबतो आणि मग एकदम कडक होतो. पॅड मऊ लागतं की कडक लागतं, महाग की स्वस्त, याला अर्थ नाही. तुमच्या वजनाखाली ते किती दबतं आणि तरीही अजून दबायला जागा उरते का, एवढंच बघायचं.

मग मी भंगारवाल्याकडून तीन प्रकारच्या स्प्रिंगा आणल्या आणि मामांच्या टेबलावर हूकचाच प्रयोग केला. पहिल्या प्रकारची स्प्रिंग दहा किलोला एक मिलिमीटरही दबली नाही. दुसरीचे वेढे सात किलोलाच एकमेकांना टेकले. तिसरी पाच किलोला चार मिलिमीटर आणि दहा किलोला आठ मिलिमीटर दबली. साडेतीनशे वर्षांपूर्वीची रेघ माझ्या जर्नलच्या ग्राफपेपरवर सरळ उभी राहिली. खरं सांगतो, इंजिनिअरिंगला आल्यापासून पहिल्यांदाच एखादं रीडिंग मी शेजाऱ्याच्या जर्नलमधून घेतलं नव्हतं.

रायझर असा केला. खाली १९ मिलिमीटर प्लायवूड. त्यावर चार कोपऱ्यांना पीव्हीसी पाइपची टोपणं, त्यात चार स्प्रिंगा, म्हणजे खोका कुठं सरकणार नाही. स्प्रिंगखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, कारण स्टीलच्या तारेतून बारीक आवाज तसेच पलीकडं जातात आणि नुसती स्प्रिंग बराच वेळ डोलत राहते. वर प्लायवूड आणि त्यावर शहाबादी फरशी, दोन्ही मिळून बारा किलो. फरशी कशाला, असं रूममेटनं विचारलं होतं. वजन वाढलं की तीच स्प्रिंग जास्त दबते आणि खोका स्वतः कमी थरथरतो, म्हणून. खोका आणि फरशी मिळून तीस किलो, म्हणजे एका स्प्रिंगवर साडेसात किलो, दबणार सहा मिलिमीटर, नॅचरल फ्रिक्वेन्सी साडेसहाच्या आत. कागदावर तरी ३० हर्ट्झची थरथर वीसातला एक भाग उरते. प्रत्यक्षात लाकडी माडी स्वतःच थोडी लवते, त्यामुळं इतकं मिळत नाही.

एक चूक तरीही झाली. स्पीकरचं चुंबक जड असल्यामुळं खोक्याचं वजन पुढच्या बाजूला जास्त. पुढच्या स्प्रिंगा जास्त दबल्या आणि खोका नमस्कार करायला लागला. मग खोका फरशीवर दोन बोटं मागं सरकवला आणि चारही कोपऱ्यांची उंची पट्टीनं मोजून सारखी केली. हेच बघायचं, चारही स्प्रिंगा सारख्या दबल्या पाहिजेत. ज्यांच्या सबवूफरचा स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतो, त्यांनी खोक्याखालचा पृष्ठभाग सलग आणि कडक ठेवावा आणि कंपनीनं दिलेलं अंतर बदलू नये.

टेस्टिंगसाठी आज्जीच्या फळीवर एक ताट उपडं घालून त्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरलं. आधी सेट थेट फळ्यांवर ठेवून लावला, पीठ नाचलं. मग रायझरवर ठेवून तोच सीन त्याच आवाजात लावला, पीठ जवळपास जागेवरच राहिलं. ही युक्ती माझीच असं मला वाटत होतं. नंतर कळलं की ८ जुलै १६८० ला हूकनं काचेच्या पट्टीवर पीठ टाकून तिच्या कडेवरून व्हायोलिनसारखा गज ओढला होता आणि पिठाच्या आकृत्या उमटलेल्या पाहिल्या होत्या. क्लाडनीच्या नावानं या आकृत्या प्रसिद्ध झाल्या त्या शंभरावर वर्षांनी. पुढच्याच वर्षी, १६८१ मध्ये, हूकनं दातेरी पितळी चाक फिरवून दाखवलं की चाकाचे दाते सेकंदाला जितक्या वेळा टकटक करतात त्यावर सुराची उंची ठरते. सबवूफरच्या कागदावर छापलेला हर्ट्झचा आकडा सांगतो ते हेच.

आता बारवेकडं येतो. १६६६ च्या सप्टेंबरात लंडनला मोठी आग लागली आणि तेरा हजारांवर घरं जळाली. शहर पुन्हा मोजून आखायचं काम ज्यांच्याकडं आलं त्यात हूक होता. वाकलेल्या पाठीनं तो राखेतून हिंडला, खुंट्या ठोकल्या, शेजाऱ्यांच्या हद्दींची भांडणं मिटवली. मित्र ख्रिस्तोफर रेनबरोबर त्यानं आगीच्या स्मरणार्थ एक खांब उभारला. १६७१ ते १६७७ बांधकाम चाललं, उंची २०२ फूट. आत ३११ पायऱ्या भिंतीला धरून गोल गोल वर जातात आणि मधली पोकळी तळापासून टोकापर्यंत मोकळी आहे. आमच्या बारवेच्या पायऱ्या पाण्याकडं उतरतात, याच्या आकाशाकडं चढतात.

पोकळी मोकळी का ठेवली? हूकला त्या खांबाची दुर्बीण करायची होती. तळघरात बसून थेट डोक्यावरचा तारा पाहायचा आणि वर्षभरात तो किंचित सरकतो का ते मोजायचं. पण शेजारच्या रस्त्यावरून घोडागाड्या आणि मालाच्या गाड्या जायच्या, खांब थरथरायचा आणि मोजमाप जमायचं नाही. ज्यानं स्प्रिंगचा नियम शोधला त्याचीच दुर्बीण जमिनीच्या थरथरीनं निकामी केली. माझं रबरी पॅड फेल गेलं याचं वाईट वाटणं त्या दिवशी बंद झालं.

भूकंपांवरही त्यानं वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली. डोंगरावर शिंपले सापडतात ते देवाची गंमत म्हणून नव्हे, तर तिथं कधीकाळी समुद्र होता आणि जमीन वर उचलली गेली म्हणून, असं तो सांगत होता. ती व्याख्यानं छापून आली १७०५ मध्ये, तो गेल्यावर.

शेवटची वर्षं मात्र भांडणांत गेली. १६७५ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सनं स्प्रिंगचं घड्याळ जाहीर केलं तेव्हा हूक खवळला. आपण कित्येक वर्षं आधीच केलं होतं आणि सोसायटीच्या सचिवानं ते बाहेर फोडलं, असा आरोप त्यानं केला. पुरावा दाखवता आला नाही. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं ही कल्पना त्यानं न्यूटनला पत्रांतून कळवली होती, ते सिद्ध करण्याचं गणित मात्र त्याच्याकडं नव्हतं. न्यूटननं ते केलं. १६८७ मध्ये प्रिन्सिपिया छापून आला तेव्हा हूकला पुरेसं श्रेय मिळालं नाही असं हूकला वाटलं, आणि हूक फुकटचं श्रेय मागतो असं न्यूटनला. त्याच वर्षी हूकची पुतणी ग्रेस वारली. घरात तेवढंच जवळचं माणूस होतं. त्यानंतर तो आणखीच एकटा आणि संशयी झाला.

३ मार्च १७०३ ला ग्रेशम कॉलेजातल्या त्याच खोलीत तो गेला. अर्धपोटी राहिल्यासारखा जगलेल्या या माणसाच्या पेटीत आठ हजार पौंडांहून जास्त रक्कम निघाली. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं एकही खात्रीचं चित्र आज उरलेलं नाही. ते न्यूटननं नष्ट केलं असं लोक सांगतात, पण त्याला पुरावा नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घरातल्या कपाटात हूकच्या हातचे सोसायटीच्या सभांचे कागद सापडले. सोसायटीनं सुमारे दहा लाख पौंडांना ते घेतले. त्यात १६७० साली त्यानं घड्याळ दाखवल्याची नोंद आहे. खरं ठरायला तीनशेवर वर्षं लागली.

हे वाचलं त्या रात्री मी माझा मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट काढला. विषय अर्थातच रायझर. पहिल्या पानावर माझं आणि पार्टनरचं नाव. आभाराच्या पानावर सगळे मोठे लोक. किती दबलं, हे विचारणाऱ्या मामांचं नाव कुठंच नव्हतं. मुद्दाम वगळलं नव्हतं, सुचलंच नव्हतं. बॉइलनंसुद्धा आपल्या असिस्टंटचं नाव घेतलं होतं. मी सकाळी पान परत टाइप केलं, परत बाइंडिंग केलं, चाळीस रुपये गेले. मामांना दाखवलं तर त्यांनी नाव वाचलं आणि पान उलटून ग्राफ बघितला. तिसऱ्या रीडिंगचा ठिपका रेघेवर नीट बसत नाही असं म्हणाले. या लेखात नाव छापू नको असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून इथं नाही. रिपोर्टमध्ये आहे, डिपार्टमेंटच्या लायब्ररीत बघता येईल.

आणि आज्जी? रायझर बसवल्यावर मी मोठ्या अभिमानानं तिला सांगितलं की आता भांडी वाजणार नाहीत. तिचा चेहरा पडला. मग खरा भूकंप झाला तर कळणार कसं, तिनं विचारलं. चार वर्षांत एवढा चांगला व्हायवाचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला समजावलं की स्प्रिंग सबवूफरच्या खाली आहे, फळीच्या नाही. खोक्याची थरथर खाली येत नाही, पण जमीन हलली तर भिंत हलेल, फळी हलेल आणि भांडी वाजतीलच. तिला कितपत पटलं माहीत नाही. माडीवरच्या खिडकीची तावदानं मात्र अजून वाजतात, कारण तो आवाज हवेतून जातो आणि त्यावर कुठलाच रायझर चालत नाही. त्यावर उपाय आवाज कमी करणं. रात्री दहानंतर सबवूफर बंद, असा नियम दादानं स्वतः घातला.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली भागात भूकंप झाला आणि त्याचा धक्का परभणीपर्यंत जाणवला. मी हॉस्टेलवर होतो. घरी फोन लावला तर आज्जीनंच उचलला. भांडी वाजली होती, सेट बंद होता, म्हणजे हा खरा, हे तिनं क्षणात ओळखलं आणि सगळ्यांना अंगणात काढलं. कुणाला काही झालं नाही. या वेळी पायरी नीट बघून उतरले, तेवढं तिनं सांगितलं आणि फोन दादाकडं दिला.